नमुना नाणे विकत घेण्यापूर्वी : नवख्या संग्राहकासाठी मार्गदर्शक

लोकांच्या हाती खुळखुळणाऱ्या प्रत्येक नाण्यामागे रेखाटने, साचे, वाद, फेटाळलेले मसुदे आणि केवळ चाचणीसाठी पाडलेली मोजकी नाणी असा बराच पसारा असतो. या चाचणीच्या नाण्यांना नमुना नाणी म्हणतात. संग्राहकांच्या बोलण्यात ‘पॅटर्न’ हाच शब्द रुळलेला आहे. चलती नाणी काही वर्षे जमवल्यावर अनेकजण या वाटेला वळतात आणि वळताच गोंधळतात, कारण तोवर कामी आलेले ठोकताळे इथे चालत नाहीत. टांकसाळीच्या वार्षिक आकड्यांत या नाण्यांची नोंद सहसा नसते, एकाच रचनेचे नाणे तीनचार धातूंत आढळते, आणि नाण्यावरचे साल हेच ते पाडल्याचे साल असेल याची खात्री नसते.

मी ब्रिटिश-भारतीय चलती नाण्यांकडून या विषयाकडे आलो. त्या प्रवासात जे आधी कळले असते तर बरे झाले असते, ते इथे क्रमाने मांडले आहे. सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच धागा आहे: समोरचे नाणे टांकसाळीपुढचा कोणता प्रश्न सोडवण्यासाठी पाडले गेले, हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर विक्रेता कितीही खात्री देत असला तरी खरेदी पुढे ढकलावी.

१. रेखाटनापासून ठशापर्यंतचा मार्ग आधी समजून घ्या

भारतात नाण्याचे मूल्य, आकार, वजन, धातू आणि रचना ठरवण्याचा अधिकार २०११ च्या नाणेविषयक कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे, आणि तो निर्णय राजपत्रातील अधिसूचनेने जाहीर होतो. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील चार टांकसाळी नाणी पाडतात. अधिसूचना हा मात्र शेवटचा टप्पा. ७ मार्च २०१९ रोजी सादर झालेल्या १, २, ५, १० आणि २० रुपयांच्या मालिकेचे उदाहरण घ्या. दृष्टिहीनांना हाताच्या स्पर्शाने नाणी ओळखता यावीत हा तिचा हेतू होता आणि रचना राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केली होती. त्यातले २० रुपयांचे नाणे बारा बाजूंचे, २७ मिलिमीटर व्यासाचे आणि दोन मिश्रधातूंचे आहे. हे तपशील कागदावर एका ओळीत मावतात, पण बारा बाजू बोटांना जाणवतील का, बाहेरचे कडे आणि आतली चकती एकमेकांत घट्ट बसतील का, हे नाणे प्रत्यक्ष पाडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

जुन्या पद्धतीत कलाकार प्रथम नाण्याच्या कित्येक पट मोठे प्रतिरूप मातीत किंवा मेणात घडवीत असे आणि त्यावरून प्लास्टरचा साचा काढला जाई. मग त्याची धातूची किंवा कठीण राळेची प्रत तयार करून ती लघुकरण यंत्रावर चढवली जाई. जान्व्हिए यांच्या नावाने ओळखले जाणारे हे फ्रेंच यंत्र अनेक टांकसाळींत वापरात होते. त्याच्या दांड्याचे एक टोक मोठ्या प्रतिरूपाच्या उंचसखल पृष्ठावरून संथपणे फिरते आणि दुसऱ्या टोकाचे पाते तोच आकार लहान करून पोलादात कोरत जाते. त्यातून उठावाची मूळ मुद्रा मिळते. ती कडक करून मऊ पोलादात दाबली की खोलगट मुख्य ठसा तयार होतो, आणि त्यावरून पुन्हा मुद्रा व पुन्हा ठसे अशी साखळी चालते. रोज नाणी पाडणारा ठसा हा या साखळीतला शेवटचा दुवा होय. आता प्रतिरूप संगणकावर घडते आणि यंत्र थेट पोलाद कोरते, पण साखळीचे तत्त्व बदललेले नाही.

संग्राहकाने हे समजून घ्यायचे ते एवढ्यासाठी की या साखळीच्या प्रत्येक दुव्यावर काही ना काही वस्तू निर्माण होते आणि कधीकाळी ती बाजारात येते. कोरक आपले काम तपासण्यासाठी अर्धवट ठशाची छाप शिशाच्या किंवा कथलाच्या पत्र्यावर घेतो. तिची एकच बाजू उमटलेली असते. ठसा पूर्ण झाला की तांब्यावर चाचणी होते. मंत्री, राजघराणे किंवा संसद सदस्य यांना दाखवण्यासाठी आरशासारख्या पृष्ठाची देखणी नाणी पाडली जातात. या तीन वस्तूंची किंमत, दुर्मीळता आणि बनावटीची शक्यता वेगवेगळी असते, त्यामुळे विक्रेता तिन्हींना सरसकट ‘पॅटर्न’ म्हणत असेल तर तिथेच सावध व्हावे.

२. टांकसाळीला पडणारे प्रश्न ओळखा

माझ्या मते हा या छंदाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

पहिला प्रश्न उठावाचा, म्हणजे चित्र नाण्याच्या पृष्ठापासून किती वर उचललेले असावे याचा असतो. शिल्पकाराला उंच उठाव हवा असतो, तर टांकसाळीला एका दाबात पुरे उमटणारे आणि एकावर एक नीट रचता येणारे नाणे हवे असते. अमेरिकेत ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी १९०७ मध्ये घडवलेले २० डॉलरचे सोन्याचे नाणे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचा अत्युच्च उठावाचा नमुना पूर्ण उमटवण्यासाठी एकाच चकतीवर अनेकदा दाब द्यावा लागे. अखेरीस मुख्य कोरक चार्ल्स बार्बर यांनी उठाव इतका उतरवला की नाणे एका दाबात पाडता येऊ लागले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते चलनात आले. हा वाद माहीत असला की सेंट-गॉडन्स यांच्या नाण्याची रूपे काळाच्या ओळीने लावणे सोपे जाते.

उठावाचा प्रश्न दोन्ही बाजूंचा मिळून असतो. एका बाजूला मोठा मुखवटा असेल तर चकतीतला धातू तिकडे ओढला जातो आणि दुसरी बाजू अर्धवट उमटते. पाचव्या जॉर्जच्या काळातील ब्रिटिश पेनीवर ब्रिटानियाच्या (ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) आकृतीमागे राजाच्या डोक्याची पुसट बाह्यरेषा दिसते ती यामुळेच. टांकसाळीला हा दोष घालवायला बरीच वर्षे लागली.

दुसरा प्रश्न झिजेचा. अमेरिकेच्या १९१३ च्या ५ सेंटच्या नाण्यावर गवा उंचवट्यावर उभा होता आणि मूल्य त्या उंचवट्यावरच लिहिलेले होते, त्यामुळे ते सर्वांत आधी झिजणार हे उघड होते. त्याच वर्षी उंचवटा काढून अक्षरे खोलगट भागात नेण्यात आली.

तिसरा प्रश्न धातूचा असतो आणि तो बहुधा बाजारभावातून उद्भवतो. तांबे महागल्यामुळे अमेरिकी टांकसाळीने १९७४ साल घातलेले अॅल्युमिनियमचे सेंट १९७३ मध्येच १५ लाखांहून अधिक संख्येने पाडले. विक्रीयंत्रांच्या व्यावसायिकांनी विरोध केला. मुलाने गिळलेले अॅल्युमिनियमचे नाणे क्ष-किरण चित्रात नीट दिसत नाही, असा डॉक्टरांचा आक्षेप होता. प्रस्ताव बारगळला आणि जवळजवळ सगळी नाणी वितळवली गेली. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी याच देशात प्लास्टिक आणि काच यांवरही सेंटच्या चाचण्या झाल्या होत्या.

चौथा प्रश्न आकाराचा. अमेरिकेच्या १९७९ च्या सुझन अँथनी डॉलरला अकरा बाजू देण्याचा विचार होता, पण यंत्रांच्या सोयीसाठी नाणे गोलच ठेवले आणि अकरा बाजू फक्त आतल्या किनारीत उरल्या. परिणामी लोक ते पाव डॉलर समजून देऊ लागले. आपल्याकडे २००७ नंतर हस्तमुद्रांच्या मालिकेतील ५० पैसे आणि १ रुपया यांच्याबद्दल असाच गोंधळ झाल्याचे अनेकांना आठवत असेल.

कधी प्रश्न निव्वळ नावाचा असतो. पौंडाच्या दशांश भागाचे नाणे काढायचे ठरले तेव्हा ब्रिटनने १८४८ मध्ये फ्लोरिन, सेंटम, डेकेड अशी वेगवेगळी नावे घातलेले नमुने पाडले. त्यातून फ्लोरिन टिकले आणि १८४९ मध्ये नाणे आले.

आणि कधी प्रश्न कोणाला सुचतच नाही. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया नमुना नाही, पण नमुन्यांच्या अभ्यासकाने तो अवश्य पाहावा. राजाच्या वस्त्रावरील पदकमालेत कोरलेला हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते आणि त्यांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर पडले होते तेव्हा ओरड झाली. नाणी मागे घेऊन वितळवण्यात आली आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती सुधारून आला. बर्ट्रम मॅकेनल यांचे ते चित्र मोठ्या प्रतिरूपात निर्दोष दिसले असेल, पण ३० मिलिमीटरच्या चकतीवर तो तपशील लोकांच्या डोळ्यांना कसा दिसेल हे कोणी तपासले नाही. दोन्ही सालांचे रुपये शेजारी ठेवून भिंगातून पाहा. छपाईतला मजकूर वाचण्यापेक्षा अर्ध्या तासाच्या या अभ्यासातून अधिक कळते.

३. प्रकारांची सरमिसळ करू नका

नमुना म्हणजे प्रस्तावित रचना किंवा मूल्य आजमावणारे, टांकसाळीने अधिकृतपणे पाडलेले नाणे. चाचणी-छाप म्हणजे ठसा कसा काम करतो एवढेच पाहण्यासाठी घेतलेली छाप. ‘एसे’ (म्हणजे चाचणी) हा शब्द फ्रेंच आणि फ्रेंच वसाहतींच्या नमुन्यांवर प्रत्यक्ष कोरलेला आढळतो. ‘पिएफोर’ म्हणजे दुप्पट किंवा त्याहून अधिक जाड चकतीवर पाडलेले नाणे. अन्य धातूतील छाप म्हणजे सोन्याच्या किंवा चांदीच्या नाण्याचे ठसे तांबे, अॅल्युमिनियम अशा धातूंवर वापरून पाडलेले नाणे. जागतिक नाणेसूचींमध्ये नमुन्यांसाठी ‘पीएन’, चाचणी-छापांसाठी ‘टीएस’, एसेसाठी ‘ई’ आणि पिएफोरसाठी ‘पी’ अशी अक्षरे क्रमांकाआधी येतात. ती पाठ करून टाका.

या सगळ्यांच्या बाहेरचा, पण बाजारात सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे कल्पित नाणी. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली तेव्हा त्याच्या ब्रिटिश नाण्यांचे १९३७ साल घातलेले नमुने तयार होते. प्रथेप्रमाणे उजवीकडे तोंड असायला हवे असताना त्याच्याच आग्रहावरून त्यांवर डावीकडे पाहणारी मुद्रा होती. खरे नमुने बोटांवर मोजण्याइतके आहेत, म्हणून पुढे खासगी टांकसाळींनी त्याच्या नावाची देखणी नाणी मोठ्या प्रमाणावर बनवली. ती बनावट म्हणून विकली जात नाहीत, फक्त ‘पॅटर्न’ असे लेबल लावून विकली जातात आणि नवखा संग्राहक त्यात अडकतो. आठव्या एडवर्डच्या नावाचे काही खरे आणि परवडणारे हवे असेल तर कच्छ संस्थानाच्या १९३६ च्या कोऱ्या (कोरी हे तिथले नाणे) पाहा. त्या चलनासाठी पाडल्या गेल्या होत्या.

आपल्याकडचा सापळा आणखी ओबडधोबड आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाखाली राम-सीता, हनुमान किंवा ॐ असलेली, १६१६ किंवा १८१८ साल घातलेली ‘अर्धा आणा’ नाणी फोनवरून लाखोंच्या भावाने फिरत असतात. कंपनीने अशी नाणी कधीही काढली नाहीत. ती नमुना तर नाहीतच, नाणीही नाहीत.

४. क्रमांक शोधा, मग वर्णन वाचा

प्रत्येक मान्य नमुन्याला अभ्यासकांच्या सूचीत क्रमांक असतो. अमेरिकी नमुन्यांसाठी डॉ. जे. ह्यूइट जड यांच्या सूचीतील क्रमांक सर्वत्र वापरले जातात, तर ब्रिटिश-भारतीय नाण्यांसाठी मेजर फ्रेड प्रिडमोर यांचे क्रमांक लिलाव-यादीत ‘प्रिड.’ या संक्षेपाने येतात. एकाच रचनेचे सोने, तांबे आणि अॅल्युमिनियम यांतील नमुने वेगवेगळ्या क्रमांकांखाली असतात, त्यामुळे क्रमांकाशी धातू, वजन आणि कड जुळते का हे ओळीने तपासा. विक्रेता ‘सूचीत नसलेला अतिदुर्मीळ प्रकार’ असे म्हणत असेल तर तो प्रकार खरोखर असू शकतो, परंतु तो सिद्ध करण्याचे काम विक्रेत्याचे आहे आणि पहिल्या पाच वर्षांत अशा नाण्यांच्या वाटेला न जाणे उत्तम.

डोळे तयार करण्यासाठी खरी नाणी पाहावीत. नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाणे-दालन ही आपल्याकडील दोन उत्तम ठिकाणे आहेत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांतील अनेक नमुन्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात.

५. साल आणि पाडण्याचा काळ यांतील फरक ओळखा

ठसे टांकसाळीत राहतात आणि अधिकारी बदलतात, म्हणून नमुन्यांच्या जगात पुनर्मुद्रित नाणी, म्हणजे रिस्ट्राइक, फार आहेत.

अमेरिकेचा १८५६ चा उडत्या गरुडाचा सेंट हा पाठ्यपुस्तकी नमुना आहे. जुना तांब्याचा मोठा सेंट महाग पडू लागला होता, म्हणून ८८ टक्के तांबे आणि १२ टक्के निकेल यांचा लहान सेंट सुचवला गेला. जेम्स लाँगेकर यांनी रचना केली, नमुने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना दाखवले गेले आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये कायदा संमत झाला. संग्राहकांची मागणी इतकी वाढली की टांकसाळीने पुढच्या काही वर्षांत १८५६ सालाचेच आणखी सेंट पाडले. त्या काळचे संचालक जेम्स रॉस स्नोडेन यांना टांकसाळीच्या संग्रहासाठी वॉशिंग्टनची पदके हवी होती, आणि ती मिळवण्यासाठी दुर्मीळ पुनर्मुद्रणे देवाणघेवाणीत वापरली गेली. शिवाय १८५८ च्या सेंटवरील शेवटचा आठ खरवडून सहा केलेली बनावट नाणीही आहेत, त्यामुळे सालाचा आकडा भिंगाखाली नेल्याशिवाय या नाण्याबद्दल बोलूच नये.

भारतात कोलकाता आणि मुंबई या दोन्ही टांकसाळींनी एकोणिसाव्या शतकातील नाण्यांची प्रूफ, म्हणजे आरशासारख्या पृष्ठाची, पुनर्मुद्रणे संग्राहकांसाठी काढली, आणि हा व्यवहार विसाव्या शतकातही बराच काळ चालला. चौथ्या विल्यमची १८३५ ची दुहेरी मोहोर, जिच्या मागे सिंह आणि ताडाचे झाड आहे, ती बाजारात दिसते तेव्हा बहुतेक वेळा पुनर्मुद्रितच असते. पुनर्मुद्रण ही लबाडी नाही, ती टांकसाळीचीच निर्मिती आहे, पण मूळ छाप आणि पुनर्मुद्रण यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जुना ठसा गंजलेला असला तर नाण्याच्या मोकळ्या पृष्ठावर बारीक खरखरीत दाणे उठलेले दिसतात. ठशाला तडा गेला असेल तर उठावाची वेडीवाकडी रेष दिसते. दर्शनी बाजूला जुना आणि मागे नव्या काळातला ठसा जोडलेला असू शकतो. लिलाव-यादीत ‘मूळ’ की ‘पुनर्मुद्रित’ हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर लेखी विचारा.

६. घरी करता येईल ती तपासणी करा

लागणारी साधने मोजकी आहेत:

- दहा पटीचे चांगले भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजणारे कॅलिपर
- लहान पण ताकदवान चुंबक
- पाण्याचे भांडे आणि बारीक दोरा
- एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा

चुंबकाने सुरुवात करा. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा असल्यामुळे चुंबकाला चिकटतो, चांदीचा रुपया चिकटत नाही. सूचीत चांदी लिहिलेले नाणे चिकटले तर पुढचा विचार करण्याची गरज नाही.

नंतर विशिष्ट गुरुत्व काढा. नाणे हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला, आणि हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीने भागा. ९१.७ टक्के चांदीचा ११.६६ ग्रॅमचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरतो, म्हणजे उत्तर १०.३ येते. तांब्याचे उत्तर ८.९, शिशाचे ११.३, अॅल्युमिनियमचे २.७ आणि ९० टक्के सोन्याच्या नाण्याचे १७ च्या आसपास येते. ही कसोटी मुलाम्याच्या नमुन्यांसाठी फार उपयोगी आहे. अमेरिकेच्या १८७७ च्या ५० डॉलरच्या नमुन्याची सोन्याची फक्त दोनच नाणी आहेत, पण तांब्याची बरीच आहेत आणि त्यांतल्या काहींवर सोन्याचा मुलामा आहे. शिसे किंवा कथिल यांच्या जुन्या छापांवर मात्र हा प्रयोग करू नका. त्या कोरड्याच ठेवाव्यात.

यानंतर कड पाहा. ओतीव बनावटीच्या कडेवर साच्याच्या सांध्याची रेष राहते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात. संग्रहालयांनी एकोणिसाव्या शतकात दुर्मीळ नाण्यांच्या विद्युत-विलेपनाने प्रती बनवल्या होत्या. त्या दोन पातळ कवच जोडून केलेल्या असतात, समोरून अप्रतिम दिसतात आणि कडेवरच पकडल्या जातात. ब्रिटिश म्युझियमसाठी केलेल्या अनेक प्रतींच्या कडेवर ‘आर आर’ अशी रोमन अक्षरे ठोकलेली असतात.

नाणे खरे आहे का ते तपासून दर्जा ठरवणाऱ्या तज्ज्ञ कंपनीच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, असले तरी काम संपत नाही. डबीही बनावट निघते. प्रमाणपत्र-क्रमांकावरून कंपनीच्या नोंदीतील छायाचित्र उघडा आणि त्यातले ओरखडे, डाग, तडे हातातल्या नाण्याशी जुळवा. क्रमांक खरा असणे पुरेसे नसते.

७. नाणे टांकसाळीबाहेर कसे आले ते विचारा

नमुना नाणे ही मुळात सरकारी मालमत्ता असते. ते बाहेर येण्याचा मार्ग काही वेळा अगदी स्वच्छ असतो. १८७९ च्या ४ डॉलरच्या ‘स्टेला’ नाण्याचे नमुने काँग्रेस सदस्यांना उपलब्ध करून दिले होते. युरोपातील सोन्याच्या नाण्यांशी जुळणारे आंतरराष्ट्रीय नाणे काढावे, ही ऑस्ट्रिया-हंगेरीतील अमेरिकी राजदूत जॉन कॅसन यांची सूचना त्यामागे होती. त्यातली बरीच नाणी दागिन्यात जडवल्यामुळे डाग दिलेल्या अवस्थेत आढळतात, म्हणून स्टेला घेताना कडेवर सोनाराच्या कामाच्या खुणा शोधाव्यात.

काही वेळा मार्ग वादग्रस्त असतो. ५० डॉलरचे ते दोन सोन्याचे नमुने १९०९ मध्ये विल्यम वुडिन यांनी प्रत्येकी १०,००० डॉलरला घेतल्याचे प्रसिद्ध होताच गदारोळ झाला. शेवटी नाणी टांकसाळीकडे परत गेली आणि मोबदल्यात वुडिन यांना इतर नमुन्यांचा मोठा साठा मिळाला. आज बाजारात फिरणारे पुष्कळ अमेरिकी नमुने त्या साठ्यातून आलेले आहेत. हेच वुडिन १९३३ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री झाले, हा योगायोग मोठा मजेदार आहे.

काही नाण्यांना मात्र हातच लावू नये. १९७४ चा अॅल्युमिनियमचा सेंट त्यांत मोडतो. डेन्व्हर टांकसाळीत पाडलेले असे एक नाणे लिलावाला निघाल्यावर अमेरिकी सरकारने त्यावर हक्क सांगितला आणि २०१६ मध्ये ते सरकारकडे परत गेले.

८. भारतीय कायद्याचे भान ठेवा

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नवख्यांना हे माहीत नसते की केवळ दर्जा ठरवून घेण्यासाठी परदेशी कंपनीकडे टपालाने नाणे पाठवणे हीसुद्धा निर्यातच आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आजोबांच्या पेटीतली जुनी नाणी सामानात घालून नेण्यापूर्वी हा मुद्दा लक्षात घ्यावा.

परदेशातील लिलावातून नाणे मागवताना बोली लावण्याच्या आधीच सीमाशुल्क सल्लागाराला नाण्याचे वय, धातू आणि किंमत सांगून कर विचारा, कारण संग्राह्य वस्तू, पुरावशेष आणि सोन्याची नाणी यांचे वर्गीकरण वेगळे होते व दर बदलत राहतात. पाकिटावर किंमत कमी लिहून देण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली तर ठामपणे नकार द्या. तसे केल्यास विमाही कमी किमतीचाच राहतो.

९. बोली लावा आणि कागद गोळा करा

लिलावात हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचा अधिभार लागतो, आणि तो पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास असतो. त्यावर कर, टपाल, विमा. तुमची मर्यादा या सगळ्यासह ठरवा आणि बोलीचा आकडा त्यातून मागे मोजत या. खरेदीसोबत पुढील कागद मिळाल्याशिवाय व्यवहार पूर्ण मानू नका:

- सूची-क्रमांक, धातू, वजन आणि ‘मूळ’ किंवा ‘पुनर्मुद्रित’ हा उल्लेख असलेली पावती
- बनावट ठरल्यास पैसे परत देण्याची लेखी अट आणि तिची मुदत
- आधीच्या मालकांची साखळी. जुन्या लिलाव-यादीतील पानाची प्रत मिळाल्यास उत्तम
- स्लॅब असल्यास प्रमाणपत्राची नोंद
- परदेशी खरेदी असल्यास त्या देशाचा निर्यात-परवाना (लागू असेल तिथे) आणि आपल्याकडील सीमाशुल्काची पावती
- बँकेतून पैसे पाठवल्याचा पुरावा

आधीच्या मालकांची साखळी हा सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. जुन्या यादीतील छायाचित्रात तुमच्या नाण्यावरचाच ओरखडा दिसला तर नाण्याची विश्वासार्हता एकदम वाढते, आणि पुढे विकताना तो कागद किमतीत भर घालतो.

१०. नाणे घरी आल्यावर

नमुना नाणे कधीही साफ करू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावले की मूळ पृष्ठ कायमचे जाते आणि जाणकार खरेदीदार ते पाहताच ओळखतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट थर सुटतो, म्हणून ती वापरू नका. आम्लरहित कागद किंवा निष्क्रिय प्लास्टिकची डबी घ्या. शिशाच्या छापा सागवानी किंवा अन्य लाकडी खणात ठेवू नका, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळच्या वेळी बदला.

प्रत्येक नाण्यासाठी एक नोंदपत्र करा: सूची-क्रमांक, वजन, व्यास, विशिष्ट गुरुत्व, कडेचा प्रकार, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, खरेदीचा तपशील, आणि शेवटी हे नाणे कोणत्या प्रश्नासाठी पाडले गेले त्याची दोन वाक्ये. नोंदपत्राची एक प्रत नाण्यापासून वेगळ्या जागी ठेवा, कारण चोरी झाल्यास पोलीस आणि विमा कंपनी दोघेही छायाचित्र आणि वजन यांचीच मागणी आधी करतात.